कळतं ते कशातून

‘मॅडम, त्यांना सगळं कळतंय बघा, फक्त बोलता येईना झालंय.’ पेशंटला धरून आत आणणारे नातेवाईक खुर्चीत टेकायच्या आधीच हे सांगतात. काही घरांतून नेमकं उलटं ऐकू येतं, ‘काहीच कळत नाही हो, येड्यागत करत्यात.’ सांगली-मिरज आणि सातारा या पट्ट्यात मी वाचाउपचाराचं काम करते. मेंदूत गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन ज्यांची भाषा गेली, ज्यांना अफेजिया म्हणजे वाचाघात झाला, अशी माणसं माझ्याकडे येतात. आमच्याकडच्या खेड्यांत याला अजूनही ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे. बोललेलं समजून घ्यायची प्रत्येक मेंदूची रीत वेगळी असते. ती आजाराच्या आधीपासून वेगळी असते, आजारात ती उघडी पडते. आणि ती रीत ओळखल्याशिवाय उपचाराला सुरुवात करता येत नाही.

‘सगळं कळतंय’ असं घरच्यांना का वाटतं, ते आधी सांगते. घरातलं बोलणं नुसतं शब्दांचं कधीच नसतं. ‘चहा घेता का?’ विचारणाऱ्या सुनेच्या हातात कप असतो. ‘उठा, आंघोळ करून घेऊ’ म्हणणाऱ्या मुलाच्या खांद्यावर टॉवेल असतो. वेळ ठरलेली, माणूस ओळखीचं, चेहऱ्यावरचा भाव रोजचा. पेशंट बरोबर मान हलवतो आणि घरच्यांची खात्री पटते. मी दोन्ही हात मांडीवर ठेवते, नजर पेशंटच्या चेहऱ्यावर ठेवते आणि साध्या आवाजात म्हणते, ‘खिडकीकडे बघा.’ कितीतरी पेशंट माझ्याकडेच बघत राहतात, काही जण हसून ‘हो’ म्हणतात. मग मी तेच वाक्य बोट दाखवून म्हणते आणि मान लगेच खिडकीकडे वळते. मागे उभ्या असलेल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण इतके दिवस वडील आपले शब्द ऐकत नव्हते, आपले हात वाचत होते, हे तिला तेव्हा कळतं. मला मात्र यात आशा दिसते. हात वाचणारा मेंदू अजून कामावर आहे.

पाटणच्या डोंगरी भागातल्या एका आजींचं उदाहरण मला नेहमी आठवतं. त्या शाळेत कधी गेल्या नव्हत्या, सारा जन्म मोठ्या खटल्यात गेला होता. वारं गेल्यावर त्यांना एकेका शब्दाचा अर्थ लागेनासा झाला. ‘चमचा द्या’ म्हटलं की फणी उचलायच्या. पण आवाजातला सूर त्यांना इतका नेमका कळायचा की दोन सुनांपैकी आज कोण नाराज आहे, हे त्या दारातून येणाऱ्या पहिल्या हाकेवरून ओळखायच्या. मी कठोर सुरात ‘तुम्ही फार छान केलंत’ म्हटलं तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. शब्दांचे अर्थ बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूच्या भरवशावर असतात, आवाजातल्या भावनेचा मोठा भार उजवी बाजू उचलते. आजींची डावी बाजू दुखावली होती, उजवी शाबूत होती. पण ‘उजवी शाबूत’ असलेले सगळेच पेशंट सूर इतका बारकाईने ऐकत नाहीत. आजींनी तो आयुष्यभर ऐकला होता.

ज्यांना ‘येड लागलं’ म्हणतात, त्यांची गत जास्त वाईट. मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या मागच्या-वरच्या अंगाला मार बसला की पुष्कळदा हातपाय धडधाकट राहतात. माणूस भराभर बोलतो, पण बोलण्यात अर्थ नसतो आणि समोरच्याचंही त्याला कळत नाही. घरच्यांना वाटतं, बाहेरचं झालं. देवऋषाकडे नेतात, अंगारा लावतात. गुठळी विरघळवणारं औषध द्यायचं तर लक्षणं दिसू लागल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास अशा धावपळीत निघून जातात. चालताबोलता माणूस अचानक असंबद्ध बोलायला लागला, तर त्याला मेंदूच्या दवाखान्यात न्या. हे मी प्रत्येक गावात, प्रत्येक शिबिरात सांगते.

आता माझ्या आवडीच्या वाक्याकडे येते: ‘शेळीनं वाघाला मारलं.’ समोर दोन चित्रं ठेवते. एकात वाघ शेळीवर पंजा उगारतोय, दुसऱ्यात शेळी वाघाला शिंगं मारतेय. आपली मराठी प्रत्ययांवर उभी आहे. ‘शेळीनं वाघाला’ म्हणा, ‘वाघाला शेळीनं’ म्हणा, कोणी कोणाला मारलं हे ‘नं’ आणि ‘ला’ सांगतात. ज्या पेशंटच्या कानातून हे बारके प्रत्यय निसटतात, त्याच्याकडे शेळी, वाघ आणि मारलं एवढेच तीन शब्द उरतात. मग तो जगाच्या अनुभवावर विसंबतो आणि वाघाच्या चित्रावर बोट ठेवतो. त्याला मी ‘राजूनं संजूला मारलं’ असं सांगते. इथे अनुभव मदतीला येत नाही, कारण कोणीही कोणाला मारू शकतो. काही पेशंट तेव्हा क्रमावर जातात, जो आधी आला तो मारणारा असं धरतात. त्यांचं उत्तर बरोबर येतं. पण ‘संजूला राजूनं मारलं’ म्हटलं की तेच पेशंट चुकतात. तीन वाक्यांत मला कळतं की हा माणूस प्रत्यय धरतो, क्रम धरतो की आपल्या समजुतीने अर्थ भरून काढतो. त्यावरून घरच्यांनी त्याच्याशी कसं बोलायचं ते ठरतं.

खरं आश्चर्य पुढे आहे. हीच वाक्यं मी इतर वाक्यांत मिसळून सोबत आलेल्या धडधाकट नातेवाइकांनाही भराभर विचारते. त्यांच्यातही काही जण वाघाच्या चित्रावर बोट ठेवतात आणि मग जीभ चावतात. शिक्षणाशी याचा सरळ संबंध मला दिसलेला नाही. पदवीधर मुलगा चुकतो आणि माण तालुक्यातला मेंढपाळ चुलता ‘आवो, शेळीनं वाघाला? आसं कुठं आस्तंय व्हय?’ म्हणत हसत हसत बरोबर चित्र दाखवतो. फर्नांडा फेरेरा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २००३ साली इंग्रजी बोलणाऱ्या निरोगी तरुणांवर असाच अभ्यास प्रसिद्ध केला. कुत्र्याला माणूस चावला अशा अर्थाचं वाक्य कर्मणी प्रयोगात सांगितलं की त्यांतले बरेच जण गोष्ट उलटी समजायचे. आपण रोजच्या व्यवहारात काम भागेल इतपतच अर्थ लावतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पूर्ण पटतं. कोणी अंदाजावर जास्त चालतं, कोणी शब्दाच्या शेपटापर्यंत ऐकतं, आणि दोघांचाही संसार चालतो. आजार आला की एकाची वाट बंद होते, दुसऱ्याची नाही. स्कॅनमधला डाग सारखाच असूनही दोन पेशंट वेगळे का, याचं थोडं उत्तर इथे आहे.

थोडंच. बाकीचं उत्तर शोधायला मला विट्याकडे जावं लागलं.

खानापूर, आटपाडी, खटाव, माण या दुष्काळी तालुक्यांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर गेलेली आहेत. जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करून द्यायचं हे काम. तमिळनाडू, केरळ, आंध्र, पंजाब, दिल्ली, जिथे सराफकट्टा तिथे आमच्याकडचा गलाईवाला. असेच एक गृहस्थ पोरवयात कोईमतूरला गेले आणि तिथेच भट्टीपुढे केस पांढरे केले. वारं गेल्यावर घरच्यांनी गावी आणलं. मराठीतल्या साध्या सूचनाही त्यांच्या डोक्यात शिरत नव्हत्या. घरच्यांना वाटलं, भाषा पूर्ण गेली. मग एके दिवशी कोईमतूरच्या जुन्या कामगाराचा फोन आला, बायकोने तो त्यांच्या कानाला लावला, आणि ते ऐकता ऐकता हसले, योग्य ठिकाणी हुंकार दिला. ही गोष्ट बायकोने मला सांगितली नसती, तर मी मराठीतच चाचण्या घेत बसले असते.

मला तमिळ येत नाही. त्यांचा मुलगा तिथेच वाढलेला, त्याला शेजारी बसवून मी पुन्हा सुरुवात केली. टेबलावर मूस, चिमटा, चांदीची छोटी लगड, शिवाय घरातली भांडी ठेवली. मूस, भट्टी, वजन, भाव, पैसे, गिऱ्हाईक हे सगळं त्यांना तमिळमध्ये कळत होतं. आकडे तर फक्त तमिळमध्येच. पण ‘आई’, ‘थोरली वहिनी’, ‘म्हसोबा’, ‘भाकरी’ हे शब्द मराठीतच पोचायचे, तमिळमध्ये ते शब्द त्यांना परके वाटत. एकाच डोक्यात दोन भाषांनी आयुष्याची वाटणी केलेली होती, आणि आजाराने ती वाटणी जवळपास तशीच ठेवली होती. आम्ही उपचार तमिळमधून, धंद्याच्या शब्दांनी सुरू केले. मुलगा रोज संध्याकाळी वडिलांशी व्यापाराचं बोलायचा. मराठी हळूहळू मागून आली.

जत तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांत घरात कन्नड आणि सरकारी कामात मराठी असा रिवाज आहे, तिथे कन्नड माध्यमाच्या शाळाही आहेत. तिथल्या एक बाई लग्न होऊन मराठी घरात आल्या. नंतरचं सारं आयुष्य मराठीत, पोरं मराठी, शेजार मराठी. आजारानंतर त्या कोणाचंच ऐकेनात. माहेरची बहीण भेटायला आली, मागे उभी राहून कन्नडमध्ये ‘कण्णु मुच्चु’ म्हणाली, आणि बाईंनी डोळे मिटले. बहीण पाठीमागे होती, हातवारे दिसणं शक्यच नव्हतं. कळलं ते शब्दांतून.

फ्रेंच मानसशास्त्रज्ञ रिबो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलं होतं की आजारात जुनं टिकतं आणि नवं जातं, म्हणजे लहानपणची भाषा वाचते. त्यांच्याच देशातले डॉक्टर पित्र यांनी १८९५ साली पेशंट तपासून वेगळं सांगितलं. आजाराच्या वेळी जी भाषा रोजच्या वापरात होती, ती आधी परत येते, असं त्यांचं निरीक्षण. जतच्या बाई रिबोंच्या बाजूने साक्ष देतात, गलाईवाले काका पित्र यांच्या बाजूने, आणि काकांची ‘आई’ आणि ‘भाकरी’ पुन्हा रिबोंकडे झुकतात. मी आता दोन्ही नियम मनात ठेवते आणि निकाल पेशंटकडून घेते. मिरजेला अथणी, विजापूर, बेळगावकडचे पेशंट पहिल्यापासून येतात. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून हे गाव दोन भाषांच्या आजाऱ्यांचं आहे. अशा गावात वाचाघाताची तपासणी एकाच भाषेत उरकणं मला अन्यायाचं वाटतं.

शाळेचाही मेंदूवर ठसा असतो. सातारला एक निवृत्त शिक्षक येत. त्यांना घंटा ऐकू येई, एसटीचा हॉर्न ऐकू येई, कान तपासले तर उत्तम. बोलणं मात्र परक्या भाषेसारखं वाटे. मी पाटी पुढे केली आणि लिहिलं, ‘तुमचं गाव कोणतं?’ त्यांनी वळणदार अक्षरात गावाचं नाव, तालुका, जिल्हा सगळं लिहून दिलं. पुढे एकदा त्यांनी लिहिलं, ‘आवाज येतो, शब्द हाती लागत नाही.’ या प्रकाराला शब्दबधिरता म्हणतात, तो विरळा आहे. त्यांच्यासाठी वाचन हा दुसरा दरवाजा उघडा होता. पाटणच्या आजींना तो दरवाजा कधी मिळालाच नव्हता.

लिहायला-वाचायला शिकल्याने मेंदू ऐकतोही वेगळं, हे पोर्तुगालमध्ये कास्त्रो-काल्दास आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवलं. शाळेत न गेलेल्या स्त्रियांना खरे शब्द ऐकून म्हणता यायचे, पण बनवलेले, निरर्थक शब्द म्हणताना त्या अडायच्या, आणि त्या वेळी मेंदूचं कामही शिकलेल्यांपेक्षा वेगळं दिसायचं. आपल्याकडे लखनौजवळच्या खेड्यांत निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पार मेंदूच्या खोल, जुन्या भागांपर्यंत बदल दिसले. तिशीतल्या बायका होत्या बहुतेक. शिकायचं वय निघून गेलं म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

म्हणूनच छापील चाचणीकागदांचा मला राग येतो. १९६२ साली इटलीत दे रेंझी आणि विन्योलो यांनी तयार केलेली टोकन टेस्ट जगभर वापरतात. रंगीत गोल आणि चौकोन मांडायचे आणि ‘लाल गोल उचलून हिरव्या चौकोनावर ठेवा’ अशा सूचना द्यायच्या. शाळेत गेलेल्याला ठीक आहे. ज्या बाईने आयुष्यात कागदी चौकोन हातात घेतला नाही, तिची चूक भाषेची की चौकोनाची, हे कसं ठरवणार? मी तिच्यासाठी तांब्या, पळी, उलथणं, वाटी मांडते. रेघांची चित्रंही अनेकांना ओळखू येत नाहीत, खरी वस्तू येते. आणि पुण्या-मुंबईच्या कागदावर ‘आमटी’ असते, आमच्याकडे कालवण किंवा कोरड्यास. तेवढ्यावरून पेशंटचा गुण कापला जाऊ नये.

डावा-उजवा हात हा आणखी एक भाग. उजवा हात वापरणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते. जर्मनीत क्नेष्ट आणि सहकाऱ्यांनी २००० साली निरोगी माणसांवर केलेल्या मोजणीत पक्क्या उजव्या हाताच्यांपैकी सुमारे ४ टक्क्यांची भाषा उजव्या बाजूला निघाली, पक्क्या डावखुऱ्यांपैकी सुमारे २७ टक्क्यांची. आपल्याकडे अडचण अशी की डाव्या हाताने लिहू-जेवू दिलं जात नाही. ‘कोणत्या हाताने लिहिता?’ या प्रश्नाचं उत्तर नेहमी उजवा. म्हणून मी विचारते, दगड कोणत्या हाताने भिरकावता, खुरपं कोणत्या हातात धरता, सुईत दोरा कसा ओवता. एका जुन्या पैलवानाच्या मेंदूत डाव्या बाजूला मोठा डाग होता, तरी ते माझं प्रत्येक वाक्य समजत होते. लिहायचे उजव्या हाताने. त्यांच्या वस्तादांचे चिरंजीव सोबत आले होते, ते म्हणाले, ‘आखाड्यात आण्णा डावरंच की!’

पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात १८६१ साली ब्रोका यांना ‘तान’ एवढाच उच्चार करणारा पेशंट भेटला आणि भाषेची एक जागा ठरली. १८७४ साली वेर्निके यांनी समजण्याची जागा दाखवली. पुढची शंभर वर्षं पुस्तकांत हाच नकाशा छापला गेला. १९८९ साली अमेरिकेत ओजमान आणि सहकाऱ्यांनी ११७ पेशंटांच्या मेंदूवर, ते जागे असताना शस्त्रक्रियेच्या वेळी सौम्य विद्युतप्रवाह लावून, चित्रांची नावं सांगताना कुठे अडखळतात ते टिपलं. जागा माणसागणिक बदलत होत्या, आणि एकेकाच्या मेंदूत त्या लहान लहान तुकड्यांत सापडल्या. तो नकाशा मी टाकून दिलेला नाही, त्याच्याशिवाय माझं पान हलत नाही. पण तो तालुक्याचा नकाशा आहे, त्यात पेशंटचं घर दाखवलेलं नसतं.

घर दाखवायचं काम घरच्यांचं. तेच काम माझ्या टेबलावर सगळ्यात कमी होऊन येतं. नातेवाईक जाड फाइल आणतात, त्यात एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या. माणूस कोणत्या भाषेत भांडायचा, कोणत्या भाषेत हिशेब करायचा, वर्तमानपत्र वाचायचा का, याची एक ओळ नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वं धरली आहेत, त्यांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे आणि अफेजियाचा उल्लेख नावानिशी आहे. तरी प्रमाणपत्रासाठी फक्त लुळा पडलेला हात दाखवून परत येणारी घरं मी नेहमी बघते. हात सुधारला की प्रमाणपत्राची वाटही संपली, असं त्यांना वाटतं. भाषेची तपासणी वेगळी मागता येते.

तुमच्या घरात कोणाला हा आजार झालाच, तर फाइलमध्ये एक साधा कागद जोडा. माणूस लहानपणी कोणती भाषा बोलायचा, नोकरी-धंद्यात कोणती, बायकोशी किंवा नवऱ्याशी कोणती, देवापुढे कोणती. शाळा किती झाली, रोज काय वाचायचा. दगड कोणत्या हाताने मारायचा. कामातल्या रोजच्या दहा वस्तूंची नावं, तुमच्या गावच्या बोलीत. त्याच्याशी बोलताना मोठ्याने ओरडू नका, त्याचे कान चांगले आहेत. एका वेळी एकाने, एक छोटं वाक्य बोला, टीव्ही बंद करून. आणि दिवसातून एकदा हात मागे बांधून एक वाक्य बोलून बघा, त्याला किती कळलं ते लिहून ठेवा. तो कागद घेऊन वाचाउपचारतज्ज्ञाकडे लवकर या. सुरुवातीचे महिने सगळ्यात मोलाचे असतात.